दोन खलाशी

इगतपुरीत वाढलेल्या माणसाला 'खलाशी' या शब्दाने समुद्र आठवत नाही. आठवते ते लोको शेड, तेलाने काळवंडलेले निळे कपडे आणि पाळी बदलताना वाजणारा भोंगा. हे गाव घाटमाथ्यावर, समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटर उंचीवर आहे. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने थळ घाटाचा मार्ग १८६५ साली खुला केला. सदतीस फुटांना एक फूट असा तो चढ. गाडी वर ढकलायला आजही कसाऱ्याला जादा इंजिने लावावी लागतात. या चढामुळेच इगतपुरी हे रेल्वेचे गाव झाले. रेल्वेत खलाशी म्हणजे सर्वांत खालच्या पायरीवरचा कामगार : ओझे उचलणारा, साखळी ओढणारा, इंजिनाखाली शिरणारा. माझे आजोबा १९३० च्या सुमारास इथल्या शेडमध्ये असे खलाशी म्हणून लागले. त्यांचे वडील, म्हणजे माझे पणजोबा, हेही खलाशीच. शेजारीपाजारी यावरून 'पिढीजात रेल्वेवाले' असा निष्कर्ष काढीत. पणजोबांनी मात्र एक दिवसही रेल्वेची नोकरी केली नव्हती. ते रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका बंदरगावचे, विलायतेच्या बोटींवर जाणारे खलाशी होते. १९१५-१६ च्या सुमारास ते नाहीसे झाले.

हा एकच शब्द दोन अर्थांनी आमच्या घरात कसा नांदला, याचे मला विद्यार्थिदशेपासून कुतूहल होते. त्याचे मूळ अरबी 'खलास' मध्ये आहे. त्याचा अर्थ सुटका, मोकळीक. मराठीत 'खलास' म्हणजे संपले, आणि 'खलाशी' म्हणजे जहाजावरचा कामकरी. इंग्रजांनी हाच शब्द 'क्लासी' असा चिरडून तंबू ठोकणाऱ्यांना आणि मोजणीदाराची साखळी धरणाऱ्यांना लावला, असे १८८६ चा 'हॉब्सन-जॉब्सन' कोश सांगतो. दोर, कप्पी आणि साखळी ज्यांच्या हाताला सवयीची, अशी माणसे जमिनीवरच्या अवजड कामांना हवीच होती. जहाजावरचा शब्द असा तंबूत, मोजणीत आणि शेवटी रेल्वेत आला.

शब्दाबरोबर आणखीही काही आले. शेडमधली ब्रेकडाऊन क्रेन चालवताना आजोबांची टोळी 'हाबेस' आणि 'आरिया' असे ओरडत असे. 'हाबेस' म्हणजे उचल, 'आरिया' म्हणजे सोड, खाली घे. लहानपणी मला ते रेल्वेचेच शब्द वाटत. पुढे थॉमस रोबक याने १८११ साली कलकत्त्यात प्रसिद्ध केलेल्या नौकाविषयक इंग्रजी-हिंदुस्तानी कोशाविषयी वाचनात आले. जहाजावरच्या हिंदी खलाशांची बोली त्या पुस्तकात नोंदलेली आहे. अमिताव घोष यांनी 'सी ऑफ पॉपीज' (२००८) आणि त्यापुढच्या कादंबऱ्यांसाठी त्याच कोशाचा आधार घेतला. 'आरिया'चे मूळ पोर्तुगीज आहे : 'आरियार', म्हणजे शीड किंवा निशाण उतरवणे. पोर्तुगीज, अरबी, फारसी, मराठी, गुजराती, बंगाली यांच्या सरमिसळीतून झालेली ती लस्करी बोली समुद्रापासून शंभरेक किलोमीटर दूर, धुक्याच्या घाटमाथ्यावर, वाफेचे इंजिन रुळावर चढवण्याच्या कामी येत होती. ती वापरणाऱ्यांपैकी बहुतेकांनी समुद्रात पायसुद्धा घातला नव्हता. पणजोबांचा माग काढण्याचा विचार माझ्या मनात या दोन शब्दांमुळे पक्का झाला.

पण खरे कारण शब्दांचे नव्हते, आणि ते सांगितल्याशिवाय पुढे जाणे योग्य होणार नाही.

पणजोबा बुडाले की त्यांनी घर सोडले, हे आमच्याकडे कधीच ठरले नाही. आजोबांना पाचवे लागले त्या वर्षीच्या गणपतीला पैसे आले. पुढच्या शिमग्याला आले नाहीत, आणि त्यानंतर कधीच आले नाहीत. घरातल्या आठवणीचा ऐवज एवढाच. आजोबांच्या सर्व्हिसबुकात जन्मसाल १९११ असे आहे. तेव्हा हा गणपती १९१५ चा धरायला हरकत नाही. गावात दोन पक्ष पडले होते. एक म्हणे, लढाईत बोट बुडाली. दुसरा म्हणे, तिकडे कुठल्याशा बंदरावर बाई ठेवली आणि तिथलाच झाला. पणजीने बारा वर्षे कुंकू लावले. शास्त्राप्रमाणे बेपत्ता माणसाची बारा वर्षे वाट पाहायची आणि मग पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा. तसा तो दिला. तिथी ठाऊक नसल्यामुळे श्राद्ध सर्वपित्री अमावास्येला होऊ लागले. पुढे मुलाबरोबर पणजी इगतपुरीला आली आणि १९५२ साली इथेच गेली. माझी आत्या आज पंच्याऐंशी ओलांडलेली आहे. तिच्या आठवणीतली पणजी पंजाब मेलला 'बोटीची गाडी' म्हणे. ते अगदीच भ्रामक नव्हते. १९१२ साली सुरू झालेली ही गाडी पूर्वी मुंबईच्या बॅलार्ड पिअरवरून, विलायतेच्या बोटीची डाक घेऊन निघे आणि घाट चढून इगतपुरीवरून उत्तरेला जाई.

इगतपुरीत कुणाला 'आमचे पणजोबा बोटीवर गेले ते आलेच नाहीत' असे सांगितले की समोरचा हमखास म्हणतो, 'रामदास बोट का?' १७ जुलै १९४७ रोजी, गटारी अमावास्येच्या दिवशी, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ती बोट काश्याच्या खडकाजवळ बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. मराठी स्मृतीत बोट बुडणे म्हणजे रामदास. बत्तीस वर्षांचे अंतरही लोकांच्या लक्षात येत नाही. सामूहिक आठवणीत एखादी घटना इतकी मोठी होते की अलीकडची-पलीकडची सगळी मरणे तिच्यातच जमा होतात.

घरात कागद म्हणून एकच वस्तू आली होती आणि तीही रिकामी : कागद ठेवायची पत्र्याची गोल नळी. खलाशाला मिळणाऱ्या नोकरीच्या दाखल्यालाच मुंबईच्या गोदीत 'नळी' म्हणत. आधीच्या बोटीचे नाव, कामाचा हुद्दा आणि वर्तणुकीचा शेरा त्या दाखल्यावर असे; तो नसेल तर पुढची बोट मिळणे कठीण. पणजोबा निघाले तेव्हा दाखला बरोबर नेला असणार. मागे राहिली ती जुनी नळी. नाव, बापाचे नाव, गाव आणि १९१५ हे साल, एवढ्या सामग्रीवर शोध सुरू करायचा होता.

या वाटेला कुणाला जायचे असेल तर एक गोष्ट आधी सांगतो. माणूस शोधायचा तर अगोदर बोट शोधावी लागते. ब्रिटिश नोंदणीच्या प्रत्येक जहाजाला एक सरकारी क्रमांक असे. जहाज विकले गेले, त्याचे नाव बदलले, तरी तो क्रमांक बदलत नसे. आणि खलाशांच्या याद्या, ज्यांना क्रू-लिस्ट म्हणतात, त्या नावांच्या नव्हे तर या क्रमांकांच्या अनुक्रमाने लावलेल्या आहेत. शिवाय त्या एका ठिकाणी नाहीत. १८६३ ते १९३८ या काळातल्या सुमारे सत्तर टक्के याद्या कॅनडात, न्यूफाउंडलंडच्या मेमोरियल विद्यापीठाच्या सागरी इतिहास दप्तरखान्यात आहेत. नमुन्यादाखल दहा टक्के लंडनच्या राष्ट्रीय दप्तरखान्यात आहेत. ज्या सालांच्या शेवटी पाच हा आकडा येतो त्या सालांच्या राहिलेल्या याद्या ग्रिनिचच्या नौकानयन संग्रहालयाकडे गेल्या. ही वाटणी इतिहासाच्या दृष्टीने नव्हे, तर जागा पुरेना म्हणून झाली. माझ्या सुदैवाने १९१५ हे साल पाचावर संपणारे होते. त्या सालच्या सुमारे एकोणचाळीस हजार याद्या स्वयंसेवकांनी उतरवून काढल्या आहेत; त्यांत साडेसात लाखांवर नावे आहेत आणि ती इगतपुरीत बसून पाहता येतात. रत्नागिरीच्या खारव्याचा माग काढताना आपल्याला कोकणापेक्षा न्यूफाउंडलंडचे नाव अधिक वेळा घ्यावे लागते, हा साम्राज्याचा भूगोल ध्यानात घेण्यासारखा आहे.

१९१४ साली ब्रिटिश व्यापारी जहाजांवर एक्कावन्न हजारांवर लस्कर काम करीत होते. लस्कर म्हणजे हिंदी आणि इतर आशियाई खलाशी. मूळ फारसी शब्द सैन्यवाचक. मुंबई बंदरातून चढणाऱ्यांची साधारण वाटणी अशी : डेकवर रत्नागिरी, कच्छ, काठेवाडकडचे, इंजिनखोलीत बव्हंशी पंजाब आणि सरहद्दीकडचे, भटारखान्यात आणि प्रवाशांच्या दिमतीला गोमंतकीय ख्रिस्ती. पगार गोऱ्या खलाशाच्या तिसऱ्या ते पाचव्या हिश्श्याइतका. भरती घाट सारंगामार्फत चाले. हा धक्क्यावरचा मुकादम. खलाशी बोटीवर चढण्याआधीच त्याच्या कर्जात असे. बोटीवर सारंग, त्याच्या हाताखाली टंडेल, सुकाणू धरणारा सुकाणी, भांडारातला कसब, भट्टीत कोळसा टाकणारा आगवाला, कोळसा वाहून आणणारा कोलवाला, झाडूवाला टोपास. यांतल्या सारंग आणि टंडेल या हुद्द्यांची तर आपल्या किनाऱ्यावर आडनावे झाली.

क्रू-लिस्ट हा मोठा विलक्षण मजकूर आहे. वाङ्मयाच्या विद्यार्थ्याने एकदा तरी ती एखाद्या कवितेइतकी सावकाश वाचावी असे मला वाटते. रकाने ठरलेले : नाव, वय, जन्मस्थान, आधीची बोट, हुद्दा, चढल्याची तारीख, उतरल्याची तारीख, उतरण्याचे कारण. गोऱ्या खलाशाच्या ओळीत प्रत्येक रकाना भरलेला. लस्करांच्या ओळींत एकेक रकाना ओस पडत जातो. वये पंचवीस, तीस, पस्तीस, अशी पाचाच्या पटीत, कारण ती विचारलेली नसून अंदाजलेली आहेत. सहीच्या जागी फुली. नावांची तर दुर्दशा. 'लक्ष्मण'चा लक्सिमन, 'गणू'चा गन्नू, 'रत्नागिरी'ची रटनागेरी. आडनाव नाहीच, कारण आपल्या खेड्यांत तेव्हा ते रोजच्या वापरात नव्हते. माणूस स्वतःचे नाव आणि बापाचे नाव सांगे, आणि लिहिणारा दुसऱ्या नावाला आडनाव समजे. त्यामुळे समजा कुणी 'रामा भिकू' असेल, तर त्याच यादीत चार रामा आणि दोन भिकू निघतात, आणि ते भाऊ, चुलते, शेजारी की परस्परांना अनोळखी, हे कळायला मार्ग नाही. माझ्या पणजोबांचे नाव इथे देत नाही. ते इतके सर्वसाधारण आहे की दिले तरी वाचकाला माणूस दिसणार नाही. मलाही बराच काळ दिसला नव्हता.

मात्र या यादीला एक गोष्ट चुकत नाही. ज्याचे काहीच नीट लिहिले नाही, त्याचेही उतरण्याचे कारण ती लिहिते. हिशोब पुरा करायचा तर पगार कुठल्या दिवशी थांबवायचा हे ठरवावेच लागते. कारणे मुख्यतः तीन : सेवामुक्त, मृत, पळाला. आमच्या घराने शंभर वर्षे ज्या प्रश्नावर काथ्याकूट केला, त्याचे उत्तर एका कारकुनाने एका शब्दात लिहून ठेवले असले पाहिजे, या कल्पनेने मी काही महिने अक्षरशः झपाटलो होतो.

यादी सावकाश उघडत होती तोवर मी वर्तमानपत्रांकडे वळलो. बोटींच्या बातम्यांशी वर्तमानपत्रांचे नाते जुने आहे. १८२२ साली निघालेल्या 'मुंबई समाचार' या गुजराती पत्राच्या सुरुवातीच्या अंकांतून जहाजांच्या आगमन-निर्गमनाची माहिती असे. व्यापाऱ्याला राजकारणाआधी ती हवी असे. इंग्रजी पत्रांत तर जहाजवार्तेचा रकाना रोजचाच. आता ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने २००९ पासून 'ट्रोव्ह' या नावाने जुनी वर्तमानपत्रे सर्वांना मोफत खुली केली आहेत, आणि मुंबईहून सुटलेल्या बोटीची वार्ता बरेचदा तिथेच मिळते.

अशा शोधात मला पहिल्याने भिडली ती 'पर्शिया'. पी. अँड ओ. कंपनीची ही डाकबोट डिसेंबर १९१५ मध्ये लंडनहून मुंबईला निघाली होती. ३० डिसेंबरच्या दुपारी क्रीटजवळ जर्मन पाणबुडीने तिला टॉर्पेडो मारला आणि काही मिनिटांत ती बुडाली. बोटीवर ५१९ माणसे होती. त्यांतली ३४३ गेली. जानेवारी १९१६ च्या पहिल्या आठवड्यातली पत्रे या वार्तेने भरलेली आहेत. एडनला वकिलातीवर रुजू व्हायला निघालेला अमेरिकन अधिकारी बुडाला, म्हणून अमेरिकेत खळबळ. लॉर्ड माँटेग्यू बुडाले, अशी वार्ता. पुढे ते जवळजवळ दीड दिवस समुद्रात काढून जिवंत निघाले आणि घरी जाऊन त्यांना स्वतःचाच मृत्युलेख वाचायला मिळाला. प्रवाशांच्या नावांच्या याद्या, त्यांचे हुद्दे, त्यांचे नातेवाईक. मग एक ओळ : इतके लस्कर वाचले. मी दहा-बारा निरनिराळ्या पत्रांतले वृत्तांत वाचले. मला एकाही लस्कराचे नाव आढळले नाही.

वर्तमानपत्रांचे हे व्याकरण एकदा लक्षात आले की सर्वत्र दिसू लागते. प्रवासी नावाने मरतो, लस्कर संख्येने. त्याला विशेषण मिळते तेव्हा ते दोषारोपाचे असते. २० मे १९२२ रोजी पी. अँड ओ. चीच 'इजिप्त' ही बोट फ्रान्सच्या किनाऱ्याजवळ धुक्यात एका फ्रेंच जहाजाची धडक बसून बुडाली. दहा लाख पौंडांहून अधिक किमतीचे सोने-चांदी तिच्यात होते. ऐंशीहून अधिक माणसे गेली; त्यांत बहुसंख्य खलाशी आणि नोकर. लंडनच्या पत्रांनी काय लिहावे? लस्कर घाबरले, त्यांनी होड्यांकडे धाव घेतली, अशा लोकांना बोटींवर ठेवावेच कशाला! चौकशीत ठपका बसला तो कप्तानावर; होड्यांची कवायत आणि शिस्त त्याने नीट ठेवली नव्हती, आणि त्याचा परवाना काही काळ स्थगित झाला. सोने पुढे इटालियन पाणबुड्यांनी समुद्रतळातून वर काढले, आणि त्या पराक्रमावर पुस्तके निघाली. बुडालेल्या खलाशांकडे परतून कुणी पाहिल्याचे मला तरी दिसले नाही.

आपल्या साहित्याने तरी काय वेगळे केले? समुद्र मराठीत आहे, पण तो बहुधा किनाऱ्यावरून पाहिलेला, किंवा तिकीट काढून ओलांडलेला. विश्राम बेडेकरांच्या 'रणांगण' (१९३९) इतकी बोटीवर बेतलेली दुसरी श्रेष्ठ मराठी कादंबरी मला आठवत नाही. पण ती प्रवाशांची कादंबरी आहे. ज्या यंत्रांच्या बळावर ती बोट पुढे सरकते त्यांच्यापाशी कादंबरीचे काम नाही, आणि तिच्या आशयाच्या दृष्टीने ते योग्यही असेल. किंवा दुसरे उदाहरण घ्या. ८ जुलै १९१० रोजी सावरकरांनी मार्सेयला 'मोरिया' बोटीच्या गवाक्षातून समुद्रात उडी घेतली, ही हकीकत शाळकरी मुलालाही ठाऊक असते. 'मोरिया'ही पी. अँड ओ. चीच बोट, तिच्यावरही लस्कर होते. त्यांनी काय पाहिले, आपसांत काय बोलले असतील, असा प्रश्न इतक्या चरित्रग्रंथांत मला कुठे भेटला नाही. मी कुणाला दोष देण्यासाठी हे लिहीत नाही. दलित आणि ग्रामीण साहित्याने मराठीच्या भूगोलात केवढी भर घातली हे आपण वर्गात शिकवतो. पण ज्या जिल्ह्यातून पिढ्यानपिढ्या माणसे ग्लासगो आणि सिडनी पाहून येत होती, त्यांचे पाहणे भाषेत उतरले नाही. ज्यांनी पाहिले त्यांच्या सहीच्या जागी फुली होती, हे त्याचे एक कारण. दुसरे असे की आपल्या लेखनात विलायत ही शिकायला जाण्याची जागा होती. कोळसा ओढायला आणि दोर खेचायला जाण्याची नव्हती. असो.

पहिल्या महायुद्धात ३,४२७ लस्कर मेल्याचा आणि सुमारे बाराशे कैदेत पडल्याचा आकडा इतिहासकार देतात. ज्यांना समुद्राखेरीज थडगे नाही अशा दोन हजारांवर खलाशांचे स्मारक मुंबईत, मस्जिद बंदरजवळच्या इंडियन सेलर्स होममध्ये आहे. त्यांची नावे राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या नोंदींत मिळतात : नाव, हुद्दा, बोट, तारीख, कुठे बापाचे नाव, कुठे गाव, कुठे काहीच नाही. मी त्या वास्तूत गेलो तो एका पावसाळी दुपारी. आजूबाजूला मसाल्याच्या आणि लोखंडाच्या वखारी, हातगाड्यांची गर्दी. तिथल्या चहावाल्यालाही स्मारकाबद्दल काही माहीत नव्हते.

आता नोंदींबद्दल. माझ्या हाती दोन लागल्या.

पहिली युद्धसमाधी आयोगाची. पणजोबांचे नाव, त्यांच्या वडिलांचे नाव, हुद्दा लस्कर, बोट 'पर्शिया', तारीख ३० डिसेंबर १९१५. गाव नाही.

दुसरी १९१५ च्या क्रू-लिस्टमधली, एका मालवाहू बोटीची. तेच नाव, तेच बापाचे नाव, स्पेलिंग जरा निराळे. वय तीस. जन्मस्थान रत्नागिरी, पण रत्नागिरी हे शहर आहे, तालुका आहे आणि जिल्हाही, कारकुनाला यांतले कुठले अभिप्रेत होते ते तोच जाणे. ऑक्टोबर १९१५ मध्ये, कार्डिफ बंदरात, उतरण्याचे कारण : पळाला.

गावातले दोन पक्ष शंभर वर्षांनी असे कागदावर समोरासमोर उभे राहिले. गणपतीला आलेले आणि शिमग्याला न आलेले पैसे दोन्हींत तितकेच चपखल बसतात.

एक तिसरीही शक्यता आहे, आणि ती पहिल्याच रात्री माझ्या मनात आली. कार्डिफला पळालेला खलाशी पकडला जातो. परतीच्या बोटीवर त्याला कामाला लावून मुंबईला धाडण्यात येते. आणि ती बोट नेमकी 'पर्शिया' निघते. तारखा आड येत नाहीत. हिंदी खलाशाला विलायतेत राहू न देता परत पाठवण्याचा कायद्याचा कल तर १८२३ पासूनचा. ही कथा इतकी सुबक जुळते की तिच्याविषयी संशयच घ्यावा. आयुष्यभर कादंबऱ्या शिकवल्यावर मनाला कथानक जुळवण्याची खोड लागते. दोन नोंदी दिसल्या की त्यांच्यामध्ये आपण माणूस घालतो. हे दोघे एकच असतील. दोघे निराळे असतील आणि त्यांतला एक आमचा असेल. दोघेही आमचे नसतील, आणि खरे पणजोबा १९१६ च्या एखाद्या यादीत, दुसऱ्याच क्रमांकाखाली, न्यूफाउंडलंडच्या एखाद्या खोक्यात असतील. त्या नावाचे तेव्हा किनाऱ्यावर किती असतील याचा हिशोब कोण देणार?

मला अस्वस्थ केले ते निराळ्याच गोष्टीने. पहिली नोंद सापडली तेव्हा मला जो आनंद झाला तो दुसरीच्या वेळी झाला नाही. टॉर्पेडोने बुडालेला पणजोबा मला हवा होता. कार्डिफच्या गल्लीत दिसेनासा झालेला नको होता. वास्तविक पळालेल्याच्या धैर्याबद्दल काही बोलायला जागा आहे. तुटपुंजा पगार, समुद्रभर पसरलेल्या पाणबुड्या, घाट सारंगाचे कर्ज. अशा वेळी अनोळखी देशात, अंगावरच्या कपड्यांनिशी, भाषा येत नसताना बोट सोडणे म्हणजे कमी हिंमत नव्हे. 'पळाला' हा शब्द जहाजाच्या मालकाचा आहे. त्या माणसाच्या बाजूने लिहायचे तर कोणते क्रियापद वापरावे लागेल? 'खलास'चा मूळ अर्थ सुटका. पण हे सर्व मी अभ्यासक म्हणून म्हणू शकतो. बारा वर्षे कुंकू लावलेल्या पणजीसमोर म्हणता आले असते असे वाटत नाही.

आत्याला मी दोन्ही नोंदी वाचून दाखवल्या. 'पळाला' हा शब्द गाळावा की काय असे क्षणभर वाटले, पण गाळला नाही. तिने चष्मा काढून ठेवला आणि विचारले, "त्यात आजीचं नाव आहे का रे?"

"नाही आत्या. बायकोचं नाव लिहायला रकानाच नाही."

"मग काय लिहिलं त्यांनी," ती म्हणाली, आणि बराच वेळ बाहेर पाहत बसली. थोड्या वेळाने मी तिथीचा विषय काढला. ३० डिसेंबर १९१५ म्हणजे मार्गशीर्षातला कृष्णपक्ष. पंचांग काढून नेमकी तिथी सांगता येईल, तेव्हा श्राद्ध त्या तिथीला करावे का, असे मी विचारले.

"आणि तो नसला तर? दुसऱ्या कुणाच्या तिथीवर आपण हक्क सांगायचा?" आत्या म्हणाली. "सर्वपित्रीलाच राहू दे. त्या दिवशी सगळ्यांचं होतं. तो कार्डिफचा असला तर त्याचंही होईल. आणि ज्याचं नाव आपल्या अण्णासारखं निघालं, त्या बिचाऱ्याचंही."

तिच्या तोंडी 'अण्णा' हे आजोबांनी पाहिलेल्या-न पाहिलेल्या बापाचे नाव होते. ते मी पहिल्यांदाच ऐकले. पुढे तिने त्यांच्याविषयी आणखी एक गोष्ट सांगितली, ती पणजीकडून ऐकलेली. सुट्टीवर घरी आले की विहिरीतून कळशी वर काढताना ते 'हाबेस' म्हणत आणि खाली सोडताना 'आरिया'. बायका पदर तोंडाला लावून हसत. आजोबा तेव्हा चार वर्षांचे होते. ते शब्द त्यांच्या कानावर पहिल्यांदा शेडमध्ये पडले की विहिरीवर, हे विचारायला आता कुणी नाही.

१९१६ च्या यादीसाठी मी त्या मालवाहू बोटीचा सरकारी क्रमांक काढून ठेवला आहे. न्यूफाउंडलंडला पत्र लिहायचे तर क्रमांक आणि साल पुरते. माणसाचे नाव कळवावे लागत नाही.